साक्षीदाराची सही

एतिदाल : घे रे पैसे गोळ्यांचे.

रगाई : राहू द्या हो खाला. आपलंच दुकान आहे.

एतिदाल : सहा वर्षं मी रक्तदाबाच्या गोळ्या ‘राहू द्या’वरच खातेय. तुझी बायको काय म्हणत असेल?

रगाई : मला या जगात कुणी आणलं ते तिला माहीत आहे.

एतिदाल : आणलं कसलं, ओढून काढलं! पायाळू होतास. डॉक्टर चहाला गेलेला, आणि तुझी आई माझ्या दंडाला चावत होती. अजून वण आहे, दाखवू? बरं, जाऊ दे. ही पिशवी नीट ठेव. बसबूसा आहे, रव्याचा गोड केक, आत्ता भट्टीतून काढून आणलाय. उस्ताद जलाल आले की मगच उघडायचा.

रगाई : उस्ताद जलाल? प्रकाशनवाले? ते इथे येतायत?

एतिदाल : कैरोहून निघालेत कधीचे. पोचतीलच आता. मीच म्हटलं, माझे चार जिने चढून दमण्यापेक्षा मन्सूरात डॉक्टर रगाईची फार्मसी कुणालाही विचारा. करार इथेच करू. आणि साक्षीदारही इथलाच.

रगाई : साक्षीदार कोण?

एतिदाल : ही भिंत! तू रे, दुसरं कोण? असा पांढरा का पडलास? जेवला नाहीस का सकाळपासून?

रगाई : जेवलो. खाला, तो करार वाचलात का तुम्ही?

एतिदाल : अकरा पानं आहेत. पहिलं वाचलं, दुसऱ्यावर डोळा लागला.

रगाई : असं नका करू. त्यात हक्कांचं कलम असतं, पंधरा वर्षं हक्क त्यांच्याकडे. आणि वितरणाचं...

एतिदाल : हे बघ. अडतीस वर्षं मी बाळंतपणं केली. एका तरी बाईनं माझं सर्टिफिकेट बघायला मागितलं का? शेजारणीला विचारायच्या, तुझं कुणी केलं? ती म्हणायची, हकीमा एतिदालनं. संपलं. तशा उठून माझ्याकडे यायच्या. मीही तेच केलं. ज्याचं पुस्तक निघालंय त्याला विचारलं. तुला विचारलं.

रगाई : मी नक्की काय म्हणालो होतो?

एतिदाल : विसरलास? ‘डोळे मिटून सही करा, खाला.’ त्या खोकल्याच्या औषधांच्या कपाटापुढे उभा होतास.

रगाई : डोळे मिटून म्हणालो?

एतिदाल : मिटून. आणि म्हणालास, निम्मा खर्च आपला, निम्मा त्यांचा, म्हणजे दोघांनाही पुस्तकाची कळकळ. मला पटलं. खर्च जो करतो तो काळजी घेतो.

रगाई : हो. असं म्हणालो खरं.

एतिदाल : आणि ते पत्र तर ऐक! तुला दाखवायचंच राहिलं. ‘आदरणीय लेखिका, आपलं हस्तलिखित हाती घेतलं आणि माझा चहा थंड झाला. आपल्या कवितांमधलं एकाकीपण...’ कविता म्हणतात रे ते! मी लिहिलंय नाळ कशी कापली, टाके किती घातले, नवरा बाहेर कसा सिगारेटी ओढत बसला. आणि त्यांना त्यात कविता दिसली. मी रडले रात्रभर. इतक्या वर्षांत कुणी मला असं बोललं नव्हतं.

रगाई : तुम्ही पाठवलं कधी?

एतिदाल : सोमवारी संध्याकाळी. भाचीनं सगळं टाइप करून दिलं. मंगळवारी सकाळी नऊला उत्तर हजर! चारशे पानं एका रात्रीत वाचून काढली त्या माणसानं.

रगाई : ‘आणि शेवटच्या ओळीपाशी मी उठून खिडकी उघडली.’

एतिदाल : अं? हे इथं खाली आहे! तुला कसं माहीत?

रगाई : ते... असंच लिहितात ते. छान लिहितात.

एतिदाल : मनकवडाच आहेस की.

रगाई : खाला, मी काय म्हणतो, एवढी घाई कशाला? जानेवारीतला पुस्तकमेळा होऊ दे. मग बघू. तोवर मी आणखी दोन-तीन ठिकाणी विचारतो.

एतिदाल : मी एकोणसत्तरची आहे. तू मला जानेवारीच्या गोष्टी सांगतोस! आणि आता कसलं बघू? हा हात बघ.

रगाई : बांगड्या कुठे गेल्या?

एतिदाल : काल सोनाराकडे दिल्या. चारही. रात्रपाळ्या करून घेतल्या होत्या एकेक. पैसे या एक्स-रेच्या पाकिटात आहेत. चोराला वाटेल, म्हातारीच्या फुप्फुसाचा फोटो.

रगाई : चारही विकल्यात? त्या तर तुमच्या आजारपणासाठी होत्या ना?

एतिदाल : आजारी पडले तर गोळ्या तू फुकट देतोसच. हसतोस काय, हस की. ऐक रगाई, सगळ्यांना वाटतं म्हातारीला नावाची हौस आलीय. आलीय थोडी, खोटं कशाला बोलू. पण ज्या वहीत मी हे सगळं लिहिलं ती ही घे, हिच्यात शेवटी एक यादी आहे. जी रडलीच नाहीत, त्या बाळांची. दोनशे सात. त्यांना ना जन्माचा दाखला मिळाला ना मरणाचा. सरकारी कागदावर ती नाहीतच. पण आयांनी नावं ठेवली होती. माझ्या कानात सांगायच्या, नवऱ्याला कळू न देता. मी गेले की ही वही रद्दीत जाईल. छापलं तर कुठल्या तरी कपाटात राहतील, एखादी म्हातारी झालेली आई उघडून बघेल. एवढंच मला हवंय. पुस्तक दुकानात असेल ना रे? तुझं आहे तसं?

रगाई : माझं...

एतिदाल : भाचीनं कैरोत तीन दुकानांत विचारलं तुझं पुस्तक. म्हणाले, नाही. मी म्हटलं, असणार कसं, संपलं ना! दुसरी आवृत्ती निघाली त्याची, कव्हरवरच छापलंय. सगळ्या गल्लीनं तुझ्या अभिनंदनाचं कापड टांगलं होतं. त्याखालून गेले की माझी मान ताठ व्हायची. माझ्या हातचं पोरगं.

रगाई : खाला, त्या कापडाची आठवण नका काढू.

एतिदाल : का? तुझी आई असती तर...

रगाई : पाणी देऊ का तुम्हाला? उन्हातून आलात.

(काचेच्या दाराची घंटा वाजते. हातात चामडी बॅग घेतलेले उस्ताद जलाल आत येतात.)

जलाल : अस्सलामु अलैकुम! काय सुगंध आहे! औषधांच्या दुकानात बसबूसा, म्हणजे दुखणं आणि इलाज एकाच छताखाली. आणि या आपल्या थोर लेखिका! हकीमा, मी आपल्या हातांकडे बघतोय. या हातांनी हजारो जीव झेलले, आता शब्द झेलताहेत.

एतिदाल : या, बसा. प्रवास बरा झाला ना?

जलाल : आपल्या हस्तलिखिताच्या आठवणीत कसा सरला कळलं नाही. डॉक्टर, आपण गप्प का? आमचे डॉक्टर म्हणजे आमच्या घराचा खरा दिवा हो, हकीमा. चांगली माणसं तेच आमच्याकडे पाठवतात.

रगाई : उस्ताद जलाल, एक मिनिट आत येता का? बोलायचं होतं.

जलाल : आपल्यात आत-बाहेर कसलं? आधी शुभकार्य होऊ द्या. या तीन प्रती. हकीमा, इथे, इथे आणि इथे. साक्षीदार खाली.

एतिदाल : आधी रगाईची.

जलाल : रीत अशी आहे की लेखक आधी...

एतिदाल : तुमची रीत तुमच्याकडे. मी अकरा पानं वाचलेली नाहीत, याला वाचलंय. याची सही बघितली की मी करणार. घे पेन, बाळा. बस इथे. असा बघत काय बसलास, लग्नाची सही आहे का?

रगाई : खाला...

एतिदाल : मोठ्या अक्षरात कर. मला चष्म्याशिवाय दिसली पाहिजे.

रगाई : माझ्याच्यानं नाही होणार.

एतिदाल : काय नाही होणार?

रगाई : सही. मी करू शकत नाही. तुम्हीही करू नका.

जलाल : डॉक्टर दमलेत. दुकानाचा ताण असतो. डॉक्टर, आठवतं ना, तिसरं नाव हे. आपला दुसरा संग्रह छापखान्याच्या दारात उभा आहे.

एतिदाल : कसलं तिसरं नाव?

जलाल : काही नाही हो, घरातल्या गोष्टी. कृतज्ञतेचा एक छोटा भाग.

रगाई : मी सांगतो. तीन लेखक आणून दिले की माझं दुसरं पुस्तक फुकट काढणार होते. पहिले तलखाचे गणिताचे मास्तर. दुसरी शिरबीनची ती विधवा बाई, जिनं नवऱ्याची पत्रं छापली. तिसऱ्या तुम्ही.

एतिदाल : मी?

रगाई : तुम्ही.

एतिदाल : म्हणून म्हणालास डोळे मिटून?

रगाई : म्हणूनही. आणि... आधीपासूनच खोटं बोलत होतो, खाला. माझं पुस्तक कुठल्याही दुकानात कधी गेलंच नाही. संपलं वगैरे काही नाही. ‘दुसरी आवृत्ती’ हे शब्द कव्हरवर पहिल्याच दिवशी छापलेले होते, सगळ्यांच्याच कव्हरवर असतात. माझी पुस्तकं माझ्याच घराच्या माळ्यावर आहेत. बायकोला सांगितलंय, दुकानाचे जुने कागद आहेत.

एतिदाल : पण ती रांग? तू नेटवर टाकलेल्या फोटोत केवढी रांग होती सह्या घ्यायला!

रगाई : ती यांच्याच लेखकांची. मी त्यांच्या रांगेत उभा राहायचो, ते माझ्या. आज तुझा फोटो, पुढच्या गुरुवारी माझा.

एतिदाल : आणि तो तपकिरी कोटवाला? तो तर तुझी कविता ऐकून ढसाढसा रडत होता.

रगाई : तो सगळ्यांच्या वेळी रडतो. त्याचं मधमाश्यांवरचं पुस्तक आहे.

एतिदाल : आणि माझं पत्र? तो थंड झालेला चहा?

रगाई : ते माझं पत्र आहे. शब्दन् शब्द. माझ्या कविता होत्या, म्हणून त्यात कविता आहे. तुमच्या वेळी बदलायचं राहून गेलं.

एतिदाल : म्हणजे वाचलंच नाही यांनी. उस्ताद, माझी यादी कितव्या पानावर आहे?

जलाल : आदरणीय हकीमा, कलाकृतीला पानांचे आकडे नसतात...

एतिदाल : कसली यादी आहे, तेवढं सांगा.

जलाल : आपण भावनेच्या भरात आहात. डॉक्टर, एक गोष्ट मात्र मी ऐकून घेणार नाही. आम्ही आपल्याला जे कबूल केलं ते दिलं. छापून दिलं, मेळ्यात मांडलं, समारंभ केला. आम्ही आपल्याकडून एक अक्षर तरी लिहून घेतलं का? ‘पहिली आवृत्ती संपली, लेखकाला मान देणारं प्रकाशनगृह,’ हे त्या फोटोखाली कुणी लिहिलं? मी? मी तर वाचून चकितच झालो होतो.

रगाई : मीच लिहिलं.

जलाल : झालं तर. हकीमा, माझी मोटार उन्हात उभी आहे. विचार करा, मन शांत झालं की फोन करा. दार उघडंच आहे.

एतिदाल : थांबा. एक विचारू? तुम्ही आजवर कुणाचं पुस्तक परत पाठवलंय? नाही चालणार म्हणून?

जलाल : आम्ही कुणाचं मन मोडत नाही.

एतिदाल : बरं. हा बसबूसा खाऊन जा. माझ्या दारातून कुणी रिकाम्या तोंडी गेलेलं नाही, आणि आज हेच माझं दार. घ्या. दोन तुकडे घ्या, लांबचा प्रवास आहे.

जलाल : अल्ला आपल्याला बरकत देवो.

एतिदाल : दार नीट लावा जाताना, ते अडकतं.

(दाराची घंटा वाजते. जलाल बाहेर पडतात.)

एतिदाल : गेले?

रगाई : गेले. खाला, बसा ना. मी... कुठून सुरुवात करू कळत नाही. मला माफ...

एतिदाल : गप जरा. माझं डोकं गरगरतंय.

रगाई : दाब मोजू?

एतिदाल : हात लावू नकोस मला. बसू दे.

रगाई : पाणी तरी घ्या.

एतिदाल : मी विचारलं तो प्रश्न तू का नाही विचारलास त्यांना? शिकलेला आहेस. तारीख उलटलेली गोळी तू कुत्र्यालाही देणार नाहीस.

रगाई : सुचला होता. पत्र आलं त्याच दिवशी. पण ते कुणाला नकार देत असते, तर आधी मलाच दिला असता, असं वाटलं. त्याआधी चार ठिकाणांहून परत आल्या होत्या माझ्या कविता. म्हणून विचारलंच नाही. खरं कळलं तेव्हा गल्लीत कापड टांगून झालं होतं. तुम्ही सरबत वाटत होतात. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

एतिदाल : याच तोंडानं. ज्यानं डोळे मिटून म्हणालास.

रगाई : हो.

एतिदाल : तलखाच्या मास्तरांना काय सांगितलंस?

रगाई : तेच. आता फोन उचलत नाहीत. परवा बाजारात दिसले, तर रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

एतिदाल : तू जायला हवं होतंस त्यांच्यामागे. उद्या जा. शिरबीनला पण जा. त्या बाईच्या पाया पड.

रगाई : जातो.

एतिदाल : मला राग आलाय रे, पण त्याहून जास्त लाज वाटतेय. मेल्या, लाज तुला वाटायला हवी आणि कान माझे तापलेत. सोनाराला मी सांगून आले, माझं पुस्तक येतंय. भाजीवालीला सांगितलं. चारशे पानं एका रात्रीत कोण वाचतं, हे मला कळू नये? अडतीस वर्षं बायांचे डोळे वाचले मी, खोटी कळ कुठली, खरी कळ कुठली. आणि एका चहाच्या पेल्यानं आंधळी झाले.

रगाई : तुमची काय चूक? तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

एतिदाल : तीच. बरं, फोन काढ.

रगाई : कुणाला लावू?

एतिदाल : लावायचा नाहीये. तो रांगेचा फोटो आहे ना अजून?

रगाई : आहे. आत्ता काढून टाकतो.

एतिदाल : काढू नकोस. काढलास तर कुणाला काय कळणार? अशीच कुणीतरी चौथी येईल, तुझी जुनी गोष्ट दुसऱ्या कुणाकडून ऐकून. त्याच्याचखाली खरं लिही.

रगाई : अख्खी मन्सूरा वाचेल, खाला. गिऱ्हाइकं, बायकोच्या माहेरची माणसं...

एतिदाल : वाचू दे. तुझं काहीतरी वाचतील तरी.

रगाई : ...काय लिहू?

एतिदाल : मी चार्टवर लिहायचे तसं. वेळ, वजन, रडलं की नाही रडलं. त्यात आपला मान-अपमान लिहायला जागाच नसते. लिही, आणि मोठ्यानं वाच.

रगाई : ‘माझं पुस्तक कुठल्याही दुकानात नाही. पहिली आवृत्ती संपली हे मी खोटं लिहिलं होतं. रांगेत उभे होते ते सगळे याच प्रकाशनाचे लेखक. मी तीन माणसं यांच्याकडे पाठवली, कारण त्याबद्दल माझं दुसरं पुस्तक फुकट निघणार होतं. त्या तिघांची मी माफी मागतो. प्रती छापल्या हजार, असं ते सांगतात. माझ्या माळ्यावर साडेचारशे आहेत. नातेवाइकांना वाटल्या, लेखकांनी एकमेकांना दिल्या. पैसे देऊन विकत घेणारे वाचक...’

एतिदाल : थांबलास का?

रगाई : एक. फक्त तुम्ही.

एतिदाल : मी? मी कुठे विकत घेतलं?

रगाई : असं काय, इथेच नाही का, मी सही करून दिलं तुम्हाला...

एतिदाल : पाकीट काढलं होतं मी. तू म्हणालास, राहू द्या हो खाला. जे झालं ते लिही.

रगाई : शून्य.

एतिदाल : हं. दे माझी वही इकडे. आणि हे गोळ्यांचे.

रगाई : नको ना खाला, निदान आज तरी...

एतिदाल : घे. आजपासून घ्यायचे.